सुरीची धार आणि विजेचे यंत्र

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुरीला विजेच्या यंत्रावर धार कशी लावावी, हा विषय मला मिळाला तेव्हा एकदोघी हसल्या. परंतु ज्यांच्या बोटांची पेरे माझ्याप्रमाणे संधिवाताने आखडली आहेत, त्या हसणार नाहीत. बोथट सुरीला जोर लावावा लागतो. जोर लावला की हात दुखतो, आणि टोमॅटोच्या सालीवरून पाते घसरून बोटावर येते ते निराळेच! दगडावर पाते एका कोनात धरून घासणे मला आता होत नाही. हे यंत्र नसते तर चिरण्याचे काम सुनेवर सोपवावे लागले असते. आणि कोशिंबिरीची काकडी मला माझ्याच हातची लागते.

यंत्रात दोन-तीन खाचा असतात आणि त्यांच्या आत मोटारीवर फिरणारी खरखरीत चाके. चाकांवर बहुधा हिऱ्याची भुकटी बसवलेली असते. खाच पात्याला ठरलेल्या कोनात धरते : युरोपीय घाटाच्या जाड सुरीला प्रत्येक बाजूस सुमारे २० अंश, जपानी घाटाच्या पातळ सुरीला सुमारे १५.

यंत्र धार देते ते पोलाद खरवडून, आणि गेलेले पोलाद परत येत नाही. म्हणून भरड खाच पाते खरोखरच बोथट झाले तरच वापरावी. एरवी बारीक खाचेतून एकदोनदा ओढले की पुरे. पुष्कळदा तर धारेची कड नुसती एका अंगाला वळलेली असते. पोलादी सळईवर चार हात फिरवले तरी ती सरळ होते. दर आठवड्याला भरड खाचेत घातलेल्या सुरीचा काही वर्षांत दाभण होतो!

आता रीत. यंत्र आधी सुरू करावे, मग मुठीकडून टोकाकडे पाते संथपणे ओढावे. आठ इंची पात्याला चार-पाच सेकंद लागू द्यावेत. दाबू नये. मध्येच थांबू नये. थांबाल तेथे खळगा पडतो आणि कड तापून पोलादाचे पाणी उतरते. दोन्ही बाजू सारख्याच वेळा ओढाव्यात. शेवटी ओल्या फडक्याने पाठीकडून धारेकडे पाते पुसावे. त्यावर पोलादाचा चुरा असतो, तो कोथिंबिरीत नको.

दात्यांची पावाची सुरी भरड खाचेत घालू नये. सिरॅमिकची सुरी तर साध्या यंत्राला दाखवूही नये. राहिली आपली विळी. तिचे वाकडे, पाटाला जखडलेले पाते खाचेत शिरणारच नाही. तिला चाक घेऊन फिरणारा धारवालाच हवा. आमच्या गल्लीत तो अजून येतो, आणि येत राहावा.

आणखी एक. अमेरिकेतली लेक प्रेमाने यंत्र पाठवते. पण तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३०. यंत्राच्या तळाशी छापलेला आकडा वाचल्याखेरीज बटण दाबू नका.

लावलेली धार टिकायची तर कडप्प्याच्या ओट्यावर चिरणे सोडावे, लाकडी पाट घ्यावा. चहा झाला की यंत्र चालवून दाखवते. ज्यांनी सुऱ्या आणल्या आहेत त्यांनी त्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्याच माझ्याकडे द्याव्यात. मुले येथेच खेळत आहेत.