प्रेमाचे वजन : संत ऑगस्टीनच्या ‘कन्फेशन्स’विषयी

(शतकमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



‘मला भावलेला ग्रंथ’ हा विषय संयोजकांनी दिला, तेव्हा मी ज्ञानेश्वरी किंवा तुकोबांची गाथा निवडीन अशी त्यांची कल्पना असावी. मराठीच्या अध्यापकाकडून तशी अपेक्षा करणे स्वाभाविकच आहे. आज मात्र मी सोळाशे वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेत लॅटिन भाषेत लिहिल्या गेलेल्या एका कॅथलिक बिशपच्या आत्मकथनाविषयी बोलणार आहे. मी लॅटिन जाणत नाही. इंग्रजी भाषांतराच्या आधाराने हा ग्रंथ वाचला. संतसाहित्य शिकवता शिकवता जे प्रश्न माझ्यापुढे उभे राहिले, त्यांतील एक प्रश्न घेऊन मी या ग्रंथाकडे पुन्हा पुन्हा गेलो आहे.

गोव्यातील माणसाला ऑगस्टीन हे नाव अपरिचित नाही. जुन्या गोव्याच्या टेकडीवर लाल जांभ्या दगडाचा जो अर्धवट मनोरा उभा आहे, तो त्याच्याच नावाने चालणाऱ्या संघाच्या चर्चचा. हे संन्यासी १५७२ साली गोव्यात आले. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धर्मसंघ बंद केले, तेव्हा मठ ओस पडला. पुढे छत कोसळले, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा निम्मा भाग ढासळला. आपण सहलीला जातो, त्या मनोऱ्यापुढे छायाचित्रे काढतो आणि परततो. २०२५ च्या मे महिन्यात पोप लिओ चौदावे निवडून आले, तेव्हा ते ऑगस्टीनच्या संघातले पहिले पोप आहेत हे वर्तमानपत्रांनी छापले आणि हे नाव पुन्हा चर्चेत आले. पण ज्याच्या नावाचा हा मनोरा, त्या माणसाने स्वतःविषयी काय लिहून ठेवले आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचले असेल.

प्रथम शीर्षकाविषयी. ‘कन्फेशन्स’ला मराठीत काय म्हणावे? ‘कबुलीजबाब’ म्हटले की डोळ्यांपुढे पोलीस ठाणे येते. ‘पापनिवेदन’ अधिक जवळचे, परंतु अपुरे. लॅटिनमधल्या मूळ शब्दात पापाची कबुली, श्रद्धेची ग्वाही आणि ईश्वराची स्तुती असे तिन्ही अर्थ एकत्र नांदतात. माझ्या मते आपल्याकडे याला साजेसा एकच शब्द आहे, तो म्हणजे ‘आत्मनिवेदन’. नवविधा भक्तीतील ही नववी आणि अखेरची पायरी. समर्थांनी दासबोधात तिच्यासाठी स्वतंत्र समास खर्ची घातला आहे. तेथे आत्मनिवेदन म्हणजे ‘मी’चे समर्पण. ऑगस्टीनचा ‘मी’ मात्र समर्पणाआधी स्वतःचा तपशीलवार हिशेब देतो. तेरा भागांचा हा सारा ग्रंथ ईश्वराला उद्देशून, द्वितीय पुरुषात लिहिलेला आहे. वाचक जणू दाराआडून ऐकतो आहे. विठ्ठलाशी भांडणारा, त्याला जाब विचारणारा अभंग ज्याच्या कानावर लहानपणापासून पडला आहे, त्या मराठी वाचकाला ही रीत मुळीच परकी वाटणार नाही.

चरित्राचा तपशील थोडक्यात सांगतो. ३५४ साली थगास्ते या गावी जन्म. ते ठिकाण आजच्या अल्जीरियात येते. वडील पॅट्रिशियस अखेरपर्यंत जुन्या रोमन धर्मातले, मृत्यूच्या काही काळ आधी ते ख्रिस्ती झाले. आई मॉनिका निस्सीम ख्रिस्ती. मुलगा कार्थेजला शिकला आणि वक्तृत्वशास्त्राचा अध्यापक झाला. म्हणजे आमच्याच व्यवसायातला! वर्गात दंगा करणाऱ्या आणि शुल्क बुडवणाऱ्या विद्यार्थ्यांविषयी त्याने जी तक्रार केली आहे, ती वाचून आम्हा प्राध्यापकांना काळ फारसा बदललेला नाही असा दिलासा मिळतो.

एकोणिसाव्या वर्षी त्याच्या हाती सिसेरोचा ‘हॉर्टेन्सियस’ हा ग्रंथ पडला. तो ग्रंथ आज नष्ट झाला आहे, केवळ उताऱ्यांतून उरला आहे. भाषेचा नमुना म्हणून अभ्यासायला घेतलेल्या त्या पुस्तकाने ऑगस्टीनला तत्त्वज्ञानाचे वेड लावले. मग ‘जगात वाईट आहे ते कोठून आले?’ या प्रश्नाने त्याला पछाडले. प्रकाश आणि अंधार अशी दोन सनातन तत्त्वे मानणाऱ्या मानीच्या पंथात तो नऊ वर्षे राहिला. तेथील विद्वानांना प्रश्न विचारले, उत्तरे मिळाली नाहीत, आणि तो निराश झाला. पुढे मिलानमध्ये प्लेटोच्या परंपरेतील ग्रंथ वाचताना ईश्वर जड वस्तूसारखा नसतो हे त्याला उमगले. पण डोंगरमाथ्यावरून आपला देश दिसणे निराळे आणि तिथवरची वाट सापडणे निराळे, अशा आशयाचे तो लिहितो. तत्त्वज्ञानाने देश दाखवला, वाट दाखवली नाही, असा त्याचा निर्णय आहे.

मिलानचा बिशप आम्ब्रोज याच्या भेटीचा एक प्रसंग ग्रंथालयात सांगितलाच पाहिजे. ऑगस्टीन भेटायला जाई तेव्हा आम्ब्रोज पुस्तक वाचत बसलेला असे. डोळे पानावरून फिरत, जीभ मात्र स्थिर. मोठ्याने वाचण्याच्या त्या काळात ऑगस्टीनला हे इतके नवलाचे वाटले, की आवाज जपण्यासाठी हा असे करीत असावा का, असा तर्क त्याने केला. आवाज न करता वाचणे त्या काळी कितपत दुर्मिळ होते यावर विद्वानांत मतभेद आहेत. आपल्या वाचनकक्षातील ‘शांतता राखा’ ही पाटी पाहून मला मात्र नेहमी आम्ब्रोज आठवतो.

अखेर ३८६ साली मिलानच्या एका बागेत, शेजारून येणारा, पुस्तक उचलून वाचायला सांगणारा लहान मुलाचा आवाज त्याने ऐकला आणि जवळचे पॉलचे पुस्तक उघडले. रोमकरांस पत्रातील एक उतारा डोळ्यांसमोर आला आणि वर्षांची ओढाताण संपली. ही कथा सर्वश्रुत आहे. मला तिच्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो तो तिच्या अलीकडचा आणि पलीकडचा मजकूर.

वर उल्लेखिलेला प्रश्न आता सांगतो. संतकाव्याच्या तासाला एका विद्यार्थिनीने मला विचारले होते, “सर, देवावर प्रेम करायचे म्हणजे माणसांवरचे कमी करायचे का?” तुकोबांचे वैराग्य शिकवताना हा प्रश्न टाळता येत नाही. दुष्काळात अन्नावाचून गेलेल्या पत्नीचा उल्लेख तुकोबांनी स्वतःच आत्मपर अभंगात केला आहे. परीक्षेपुरते उत्तर देता येते. पण विचारणारीचे समाधान झालेले नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत राहते. ऑगस्टीनच्या ग्रंथात या प्रश्नाला तीन वेळा तोंड द्यावे लागले आहे, आणि तिन्ही वेळा उत्तर सारखे नाही.

पहिला प्रसंग मित्राचा. थगास्तेत शिकवत असताना त्याचा एक समवयस्क, जिवलग मित्र तापाने दगावला. त्यानंतर घर, रस्ते, सारे गाव त्याला असह्य झाले. डोळे सर्वत्र त्यालाच शोधत आणि तो कोठेच नसे. आपण मेलो तर मित्र पुरताच मरेल, म्हणून आपल्याला मरणाचीही भीती वाटत होती, असे तो लिहितो. ज्यांनी असा मित्र गमावला आहे, त्यांना ही पाने वाचणे सोपे नाही. माझे एक सहकारी गेले, त्या वर्षी मी चौथा भाग अर्ध्यावर ठेवून दिला होता. परंतु हे लिहीत असताना ऑगस्टीन बिशप झालेला आहे, वीस वर्षे लोटली आहेत, आणि तो आपल्या दुःखावर निवाडा देतो : मर्त्य माणसावर तो अमर असल्यासारखे प्रेम केले, म्हणून ही गत झाली, वाळूत पाणी ओतावे तसे ते ओतले गेले. माणसावर प्रेम ईश्वराच्या ठायी करावे, म्हणजे ते हरवत नाही. सिद्धांत म्हणून हा निर्दोष आहे.

दुसरा प्रसंग त्या स्त्रीचा. तारुण्यात कार्थेजमध्ये त्याने एका स्त्रीशी संसार मांडला. तो कायदेशीर विवाह नव्हता, पण दहाबारा वर्षांहून अधिक काळ तो तिच्याशी एकनिष्ठ राहिला. त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव अदेओदातुस, म्हणजे आपला ‘देवदत्त’च. पुढे मिलानमध्ये नाव झाले, पद मिळाले, चांगल्या घराण्यातील मुलगी वधू म्हणून ठरली, आणि विवाहाला अडथळा म्हणून त्या स्त्रीला आफ्रिकेला परत पाठवण्यात आले. मुलगा बापापाशी राहिला. पुन्हा कोणा पुरुषाशी संबंध ठेवणार नाही, असे व्रत घेऊन ती गेली. ऑगस्टीन लिहितो की हृदयाचा चिकटलेला भाग ओढून काढावा तशी जखम झाली आणि ती वाहत राहिली. नियोजित वधू अद्याप विवाहयोग्य वयाची नव्हती. दोन वर्षे थांबायचे होते. तेवढाही धीर नसल्याने त्याने दुसरी स्त्री ठेवली, हेही तो लपवत नाही.

येथे त्याला कोणताही सिद्धांत सुचलेला नाही. किशोरवयात मित्रांबरोबर भूक नसताना चोरलेल्या आणि डुकरांपुढे टाकलेल्या पेअर फळांवर जो माणूस पानेच्या पाने चिंतन करतो, तो या स्त्रीला मोजक्या ओळींत निरोप देतो. नाव सांगत नाही. नाव न सांगणे ही त्याची सवयच आहे हे खरे. मेलेल्या मित्राचे नावही तो देत नाही, आईचे नाव साऱ्या ग्रंथात एकदाच येते. पण ते येते वाचकांनी तिच्यासाठी प्रार्थना करावी या विनंतीबरोबर. या स्त्रीसाठी तशी विनंती नाही. ऑगस्टीनचे अनेक भाष्यकार तत्कालीन समाजरीतीकडे बोट दाखवून पुढे जातात. मला तसे जाता येत नाही. आपल्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा मागे राहिलेल्या पत्नीवर काय गुदरले हे आपल्याला ठाऊक आहे, कारण लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. एका माणसाला श्रद्धा गवसते तेव्हा त्याच्या घरातल्या माणसाला काय सोसावे लागते, याची दुसरी बाजू मराठी वाचकाला घरबसल्या मिळाली आहे. कार्थेजच्या त्या बाईची बाजू जहाजाबरोबर आफ्रिकेला गेली ती गेलीच.

तिसरा प्रसंग आईचा. ३८७ साली ऑगस्टीन, मुलगा देवदत्त आणि मित्र अलिपियस यांचा बाप्तिस्मा झाला. सारे आफ्रिकेला परतायला निघाले आणि रोमच्या ऑस्तिया बंदरात थांबले. तेथे खिडकीपाशी उभे राहून मायलेकांनी अनंत जीवनाविषयी केलेला संवाद हा जगातील भक्तिसाहित्यातला एक अपूर्व उतारा आहे. थोड्याच दिवसांत, छपन्नाव्या वर्षी मॉनिका वारली. नवऱ्याशेजारी पुरले जावे अशी तिची जुनी इच्छा होती. अखेरीस मात्र तिने देह कुठेही ठेवा, वेदीपाशी माझी आठवण ठेवा, एवढेच सांगितले.

मुलाने रडायचे नाही असे ठरवले. जिला शाश्वत जीवन लाभले तिच्यासाठी शोक कसला? मित्राच्या वेळी शिकलेला सिद्धांत आता आचरायचा होता. देवदत्त मोठ्याने रडू लागला, त्याला गप्प केले. दफनाच्या वेळीही याचे डोळे कोरडेच राहिले. मग तो स्नानाला गेला, कारण स्नानाला असलेला ग्रीक शब्द मनातील दुःख घालवण्याशी जोडला जातो असे त्याने ऐकले होते. अंग निघाले, दुःख निघाले नाही. रात्री झोपला, जागा झाला, आणि अंथरुणावर एकटाच रडला. जो आपल्यासाठी इतकी वर्षे रडली, त्या आईसाठी तासाचा थोडासा भाग मी रडलो, यात कोणाला पाप दिसले तर त्याने हसू नये, अशा अर्थाचे त्याने लिहून ठेवले आहे.

हा उतारा नसता, तर चौथ्या भागातील निवाड्यावर माझा विश्वास बसला नसता. सिद्धांत मांडणाराच तो पाळू शकला नाही, आणि ग्रंथ लिहिताना ती पाने त्याने फाडली नाहीत. पुढे तेराव्या भागात तो म्हणतो की दगड खाली जातो, ज्योत वर जाते, प्रत्येक वस्तू आपल्या वजनाने आपल्या जागी जाते. माणसाचे वजन म्हणजे त्याचे प्रेम. प्रेम करावे की नाही हा त्याच्यापुढचा प्रश्नच नाही, कारण प्रेमावाचून माणूस हलतच नाही. कशावर आधी आणि कशावर मागाहून, हा क्रम लावणे हे त्याच्या मते श्रद्धेचे काम. त्या विद्यार्थिनीला मी आज सांगेन, की ऑगस्टीनच्या म्हणण्याप्रमाणे माणसांवरचे प्रेम कमी करायचे नाही, त्याची जागा ओळखायची आहे. आणि जागा ओळखल्यानेही रडू थांबत नाही, हे त्याच्याच नवव्या भागात आहे. उज्जैनच्या बाजारात किंवा फोंड्याच्या एसटी स्थानकावर कोणी हाच प्रश्न विचारला, तरी याहून अधिक मला सांगता येणार नाही.

देवदत्ताविषयी थोडे. ‘शिक्षक’ या नावाचा बापलेकांचा संवाद ऑगस्टीनने लिहिला आहे. शब्द शिकवत नाहीत, शब्द फक्त खूण करतात. खरा शिक्षक आत असतो, असा त्याचा विषय. मुलाच्या तोंडी घातलेले विचार खरोखर सोळा वर्षांच्या त्या मुलाचेच होते, असे बापाने ‘कन्फेशन्स’मध्ये मुद्दाम नोंदवले आहे. तो मुलगा लवकरच वारला. त्याच्यासाठी आपण कसे रडलो, हे ऑगस्टीन कोठेच सांगत नाही.

३९१ साली तो हिप्पो येथे धर्मगुरू झाला आणि चारपाच वर्षांत बिशप. ४३० साली वँडल टोळ्यांनी शहराला वेढा दिला असताना, २८ ऑगस्टला त्याचा मृत्यू झाला. त्याचा शिष्य आणि चरित्रकार पोसिदियस सांगतो, की आजारपणात त्याने पश्चात्तापाची स्तोत्रे लिहून भिंतीवर लावायला सांगितली होती आणि पलंगावरून ती वाचत तो रडत असे. मृत्युपत्र त्याने केले नाही, कारण मागे ठेवण्याजोगे काही नव्हते. चर्चचे ग्रंथालय आणि सारी पुस्तके पुढच्या पिढ्यांसाठी जपून ठेवावीत, एवढे मात्र त्याने वारंवार बजावले होते. पोसिदियसने चरित्राला त्या लेखनाची यादी जोडली, आणि ती यादी आजही उपलब्ध आहे.