आईची पदवी, लेकीचे ओझे



१९६५ साली अमेरिकेने स्थलांतराचा कायदा बदलला आणि आपल्याकडील डॉक्टर-अभियंत्यांना तिकडची दारे खुली झाली. पुढे संगणकाच्या लाटेबरोबर गेलेल्या अनेकांच्या पत्नीही उच्चशिक्षित होत्या. परंतु एच-४ व्हिसावर त्यांना नोकरीची मुभा नव्हती. २०१५ साली ती मिळाली, तीही ग्रीन कार्डाच्या रांगेत बरेच पुढे सरकलेल्यांच्याच पत्नींना. घरात अडकलेले हे कर्तृत्व मग लेकीच्या गुणपत्रिकेत वाट शोधते. शाळेत तिने सर्वांच्या पुढे असावे आणि घरी अस्सल नागपूरकर राहावे, ही दुहेरी अपेक्षा!

आईच्या मनातले नागपूर मात्र तिने ते सोडले त्या वर्षीच थांबलेले असते. येथे २०१९ पासून मेट्रो धावते आहे. येथल्या मुलीही बदलल्या आहेत. जे नागपूर नागपुरातही उरले नाही, ते लेकीने न्यू जर्सीत कसे जपावे?

संस्कार म्हणजे गोठलेली आठवण नव्हे. तेथील मराठी शाळांतून मुलीला भाषा जरूर मिळावी. पण त्याच भाषेत आईला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीकही मिळावी. आणि येथल्या आजी-आजोबांनी दूरध्वनीवर नातीला गुण विचारण्याआधी तिचे मन विचारावे.