घरांतील चित्रसंग्रह आणि रूपांतराचा खोळंबा

बीड जिल्ह्यांत सिंदफणेच्या काठीं शिरूर कासार हें तालुक्याचें गांव आहे. दिवाळीच्या सुमारास या तालुक्यांतील कितीतरी कुटुंबें ऊंसतोडणीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. म्हातारीं माणसें पुष्कळदां मागें राहतात. अशा गांवांत लग्नाच्या चित्रणाचें मोल काय असतें, तें शहरवासीयाच्या सहजीं ध्यानांत यावयाचें नाहीं. या शतकाच्या आरंभीं असें चित्रण व्हीसीडीवर, पुढें डीव्हीडीवर उतरून घरीं येत असे. त्या तबकड्यांतून दिसणारीं कांहीं माणसें आज हयात नाहींत, आणि तबकडी ओरखडली कीं तें दर्शनही संपलें. म्हणून हल्लीं कित्येक घरांत हा ठेवा एका संगणकावर साठवून, जेलिफिनसारख्या मोफत मिळणाऱ्या आज्ञावलीच्या द्वारें दूरचित्रवाणीवर व मोबाइलवर पाहतात. योजना उत्तम खरी. पण पहिल्याच संध्याकाळीं चित्र अडखळतें आणि संगणकाचा पंखा घोंघावूं लागतो.

दोष लागलीच इंटरनेटच्या माथीं मारला जातो. हा अन्याय होय. घरच्या घरांत पाहतांना बाहेरच्या जोडणीचा बहुधा संबंधच येत नाहीं. ज्या सांकेतिक पद्धतीनें चित्र दाबून साठविलेलें असतें, ती पाहणाऱ्या यंत्राला उलगडतां आली नाहीं, तर सर्व्हरला तें चित्र स्वतः उलगडून, दुसऱ्या पद्धतीनें पुन्हां दाबून, खेळ चालू असतांनाच पाठवावें लागतें. यालाच ट्रान्सकोडिंग म्हणतात. वक्त्याच्या मागोमाग दुभाष्यानें दुसऱ्या भाषेंत सांगत जावें, तसा हा प्रकार आहे. दुभाषा दमला कीं सभा थांबते.

व्हीसीडीवरील चित्र एमपेग-१ पद्धतीचें, ३५२ बाय २८८ बिंदूंचें असतें. डीव्हीडीवरील एमपेग-२ पद्धतीचें, ७२० बाय ५७६ बिंदूंचें, आणि बहुधा सम-विषम ओळी आळीपाळीनें दाखविणारें. आजच्या ब्राउझरांना या पद्धती सहसा उमगत नाहींत. उलटपक्षीं नव्या मोबाइलनें टिपलेलें चित्र पुष्कळदां एचईव्हीसी पद्धतीचें असतें. ती पद्धत २०१३ सालची. त्यापूर्वींच्या संचाला ती कळावी कशी? फार जुनें आणि फार नवें, दोन्ही सारखींच अडचणीचीं ठरतात.

यावर मोठ्या किंमतीचा संगणक घेणें हा उपाय सुचविला जातो, पण तो शेवटचा समजावा. हें भाषांतर आयत्या वेळीं करण्याऐवजीं एकदांच, सवडीनें, रात्रभर चालू ठेवून करून घेतलें तर साधा संगणकही पुरतो. हँडब्रेक नांवाची मोफत आज्ञावली त्या कामीं येते. चित्र एच.२६४ पद्धतीचें, ध्वनि एएसी, आणि वेष्टण एमपी४ असावें. २००३ सालची ही चित्रपद्धत आज बहुतेक सर्व यंत्रांना अवगत आहे. आळीपाळीच्या ओळी याच वेळीं एकत्र करून घ्याव्या. बिंदू वाढवून चित्र मोठें करण्याचा मोह मात्र टाळावा; जें टिपलेंच गेलें नाहीं, तें कोठून येणार? आणि रूपांतर झालें म्हणून मूळ प्रत कदापि पुसूं नये. प्रत्येक वेळीं दाबतांना चित्रांतील कांहीं अंश जातोच, आणि गेलेला परत मिळत नाहीं. मूळ प्रत दुसऱ्या एका डिस्कवरही असावी.

तरीही पंखा घोंघावतोच, तर जेलिफिनच्या व्यवस्थापन-फलकावर रूपांतराचें कारण पाहावें. कधीं ॲपमध्यें गुणवत्तेची मर्यादा कमी ठेवलेली असते; ती वाढवितांच काम भागतें. कधीं उपशीर्षकें मजकुराच्या रूपांत नसून चित्राच्या रूपांत असतात. पाहणाऱ्या यंत्राला तीं वेगळीं दाखवितां आलीं नाहींत, तर सर्व्हरला प्रत्येक चौकटीवर कोरावीं लागतात, आणि एवढ्याशा ओळींपायीं सगळा सिनेमा पुन्हां दाबला जातो. नुसता ध्वनि बदलणें किंवा वेष्टण बदलणें मात्र हलकें काम आहे; त्याची चिंता नको.

दूर फडावर गेलेल्या मुलाला बहिणीचें लग्न पाहावयाचें असेल, तर प्रश्न निराळा. तेथें घरच्या जोडणीची बाहेर पाठविण्याची गति आणि फडावरील मोबाइलचें जाळें, हीं दोन्हीं तोकडीं पडतात. अशा वेळीं ४८० ओळींची लहान प्रत आधींच करून ठेवावी, आणि गाडी निघण्यापूर्वीं ती त्याच्या मोबाइलमध्यें उतरवून द्यावी.