तोंडचा पुरावा कागदावर आणा

(नाशिक जिल्ह्यांतील एका पाड्यावर वनहक्काच्या दाव्यांसंबंधीं भरलेल्या सभेंत एका खेडेगांवच्या शिक्षकानें केलेलें भाषण)



आम्ही पुढारी नव्हे, वकील नव्हे; खेड्यांतल्या शाळेचे मास्तर आहों. मुलांस अक्षर शिकविणें हा आमचा धंदा, आणि आज जें सांगावयाचें आहे तेंही अक्षराविषयींच आहे. येथें कोकणा, वारली, महादेव कोळी असे सर्व समाजांचे लोक बसले आहेत. ज्या उतारावर तुम्ही नागली, वरई, खुरासणी पिकवितां ती जमीन आजा-पणजानें फोडली, हें सगळा पाडा जाणतो. परंतु तें जाणणें म्हाताऱ्यांच्या तोंडांत आहे, बांधाच्या दगडांत आहे, कागदावर नाहीं. म्हातारा गेला म्हणजे साक्ष गेली. म्हणून आमचें सांगणें एकच: तोंडचा पुरावा कागदावर आणा.

हा हक्क एकदां कसा बुडाला तें ऐका. इंग्रज सरकारनें १८७८ सालीं आणि पुन्हां १९२७ सालीं जंगलाचे कायदे केले. डोंगर राखीव करावयाचा म्हणजे आधीं जाहीरनामा निघे, आणि ज्याचा हक्क असेल त्यानें नेमलेल्या मुदतींत अंमलदारापुढें तो मांडावा, असा हुकूम असे. मुदत तीन महिन्यांहून कमी नसे. त्या मुदतींत जो बोलला नाहीं त्याचा हक्क नाहींसा झाला. आतां ज्या पाड्यावर जाहीरनामा वाचणारा एक माणूस नाहीं, तेथें मुदत तीन महिन्यांची दिली काय आणि तीस वर्षांची दिली काय, सारखेंच! लेखणी दुसऱ्याच्या हातीं होती. तिनें नांगर धरणाऱ्यास चोर ठरविलें आणि त्याच्या शेताचें नांव 'अतिक्रमण' ठेविलें. मग कोणास एकसाली प्लॉट मिळाला, म्हणजे एका वर्षापुरती जमीन आणि दर वर्षीं हात जोडणें. कोणास नुसता दंड मिळाला. जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यांतही जंगलखात्यानें गरीब शेतकऱ्यांचीं चराऊ रानें ओढून घेतल्याची तक्रार आहे. म्हणजे हें दुखणें एकट्या डोंगराचें नव्हतें; सगळ्या रयतेचें होतें.

आतां दुसरी पाळी आली आहे. संसदेनें डिसेंबर २००६ मध्यें वनहक्कांचा कायदा केला. त्याचे नियम १ जानेवारी २००८ रोजीं निघाले. रानांत राहणाऱ्या लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाला, हें त्या कायद्याच्या प्रस्तावनेंतच कबूल केलेलें आहे. १३ डिसेंबर २००५ च्या पूर्वींपासून जी वनजमीन आदिवासी कुटुंब कसत आहे, तिच्यावर चार हेक्टरपर्यंत त्या कुटुंबाचा हक्क मान्य करावा, असें तो सांगतो. आदिवासी नसलेल्यांस मात्र तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, वास दाखवावा लागतो. पट्टा नवराबायको दोघांच्या नांवें निघतो. तो वारसांस मिळतो, पण विकतां येत नाहीं. आणि दाव्याची सुरुवात कचेरींत होत नाहीं, ग्रामसभेंत होते. ग्रामसभा वनहक्क समिती निवडते, समिती जागेवर जाऊन पाहते, ग्रामसभा ठराव करते; मग दावा उपविभागीय समितीकडे व तेथून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा समितीकडे जातो. दाव्याचे नमुने फुकट मिळावयाचे असतात. तेव्हां फॉर्मचे पैसे मागणारा मध्यस्थ दारांत आला तर त्यास पाणी पाजा आणि वाटेला लावा.

पुराव्याविषयीं लोकांत मोठा गैरसमज आहे. पावती नाहीं, सातबारा नाहीं, म्हणून कित्येक जण दावाच करीत नाहींत. नियम सांगतो कीं, अनेक प्रकारचे पुरावे चालतात, आणि त्यांतले दोन तरी जोडावे. सरकारी दप्तर हा एक प्रकार झाला. ज्या दंडाच्या चिठ्ठीनें बापास चोर म्हटलें, तीच चिठ्ठी आज बापाची वहिवाट दाखविते. म्हणून जुने डबे, जुन्या पेट्या उघडून पाहा. परंतु घर, झोपडी, बांध, विहीर, स्मशान हींही पुराव्यांत धरलीं आहेत. आणि दावेदाराहून दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाची लिहून घेतलेली हकीगतही धरली आहे. उपग्रहाच्या चित्रांत शेत दिसत नाहीं असें कोणीं सांगितलें तर घाबरूं नका. २०१२ च्या दुरुस्तीनें स्पष्ट केलें आहे कीं, असलें चित्र इतर पुराव्यांस जोड म्हणून घ्यावें. त्यांच्या जागीं बसवूं नये. कॅनडा देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेंही १९९७ सालीं तेथील आदिवासींच्या जमिनीच्या खटल्यांत ठरविलें कीं, तोंडीं चालत आलेला इतिहास पुरावा म्हणून विचारांत घेतलाच पाहिजे.

पण 'लिहून घेतलेली' हे शब्द विसरूं नका. येथें शाळा शिकलेल्या मुलामुलींचें काम आहे. आजीजवळ वही घेऊन बसा. तिला सन विचारूं नका. तिची मोजणी वेगळी असते. बहात्तरच्या दुष्काळाआधीं कीं नंतर, थोरला मुलगा तेव्हां रांगत होता कीं गुरें राखीत होता, असें विचारा. हें रान कोणीं फोडलें, चारी बाजूंस कोणाचीं शेतें, बांधावरचा आंबा कोणीं लावला, कोणास कोठें पुरलें, जंगलखात्याचा गार्ड पहिल्यानें केव्हां आला, हें तिच्याच शब्दांत लिहा. मग तिला मोठ्यानें वाचून दाखवा. ती 'असंच' म्हणाली म्हणजे खालीं तारीख घाला, तिचा अंगठा व दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. एक प्रत समितीस द्या, पोंच मागा, एक प्रत घरीं ठेवा.

दुसरी गोष्ट नकाराची. आमच्या पाहण्यांतली एक विधवा आपल्या दाव्याची चौकशी करून थकली. दोन वर्षें तिला 'वर पाठविला आहे' एवढेंच उत्तर मिळालें. दावा केव्हांच फेटाळला गेला होता. नियम असा आहे कीं, दावा नाकारला किंवा जमीन कमी केली, तर तो निर्णय दावेदारास समक्ष कळविला पाहिजे, म्हणजे साठ दिवसांत त्यास वरच्या समितीकडे दाद मागतां येते. दोन एकर कसणाऱ्यास वीस गुंठ्यांचा पट्टा दिला, तर त्यावरही दाद आहे. कोणाही एकट्या अधिकाऱ्यास दावा नाकारण्याचा अधिकार नाहीं, मग तो कितीही मोठा असो. म्हणून तोंडचा नकार घेऊं नका. कागदावर द्या म्हणा.

यांत काय पणाला लागलें आहे तें पाहा. १३ फेब्रुवारी २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें फेटाळलेल्या दावेदारांस जमिनीवरून काढण्याचा आदेश दिला. २८ फेब्रुवारीस तो थांबविला गेला, म्हणून देशभरचीं लाखों कुटुंबें जागेवर राहिलीं. ज्याच्या दाव्यांत दम आहे आणि कागद घरांत आहे, तोच अशा वेळीं उभा राहूं शकेल.

मार्च २०१८ मध्यें नाशिकहून मुंबईपर्यंत हजारों शेतकरी सुमारें १८० किलोमीटर चालत गेले. त्यांत आदिवासी पुष्कळ होते, आणि वनहक्काचे दावे निकालांत काढा ही त्यांची मोठी मागणी होती. १२ मार्चला दहावीची परीक्षा होती. शहरांतल्या मुलांचा खोळंबा नको, म्हणून तीं माणसें फुटलेल्या पायांनीं रातोरात चालून आझाद मैदानावर गेलीं. सरकारनें सहा महिन्यांत दावे निकालांत काढण्याचें लेखी आश्वासन दिलें. तरी २०२३ सालीं दिंडोरीहून पुन्हां मोर्चा काढावा लागला.

पायांनीं करावयाचें तें थोरांनीं केलें. हातांनीं करावयाचें तें आतां शिकलेल्यांनीं करावें. ग्रामसभेस निम्मे सभासद हजर लागतात, आणि हजर असणाऱ्यांत एक तृतीयांश बाया लागतात. तेव्हां बायांस घरीं बसवून ठराव होणार नाहीं. येत्या सभेपूर्वीं प्रत्येक पाड्यानें लिहिणारीं तीन मुलें-मुली निवडावीं. आणि आरंभ कोठून करावा असें विचाराल, तर ज्या घरांत सर्वांत म्हातारें माणूस आहे त्या घरापासून, आज संध्याकाळीं.