घाटावर आणि घाटाखाली : ओळख कशी घडते?

बुलढाणा जिल्ह्याचे अजिंठ्याच्या डोंगररांगेने दोन भाग केले असून चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा हे तालुके घाटावर, तर मलकापूर, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद हे पूर्णेच्या खोऱ्यातील तालुके घाटाखाली मोडतात. ही विभागणी भूगोलाने केली. परंतु तिच्यातून ‘आपण’ आणि ‘ते’ हा भेद माणसाच्या मनात कसा उतरतो, हा प्रश्न मानसशास्त्राचा आहे.

एरिक एरिक्सन यांनी १९५० साली प्रसिद्ध झालेल्या ‘चाइल्डहुड अँड सोसायटी’ या ग्रंथात मानवी आयुष्याचे आठ टप्पे कल्पिले आणि ‘मी कोण’ हा पेच किशोरवयात सर्वाधिक तीव्र होतो, असे मांडले. जेम्स मार्सिया यांनी १९६६ मध्ये हा विचार पुढे नेऊन, पर्याय न चाचपता वडीलधाऱ्यांची वाट पत्करणाऱ्या तरुणाची ओळख शोधाविना ठरलेली असते, असे म्हटले. येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. कोरडवाहू शेती असलेल्या घरातील ज्या मुलाला बारावीनंतर लगेच औताला जुंपून घ्यावे लागते, त्याला शोधासाठी लागणारी सवड मिळालेलीच नसते; त्याच्या निर्णयाला मानसिक अपरिपक्वता समजणे हा उघड अन्याय होय.

हेन्री ताजफेल यांची दिशा निराळी आहे. ब्रिस्टल येथील शाळकरी मुलांना त्यांनी क्षुल्लक निकषाच्या नावाखाली, वास्तविक यदृच्छेने, दोन गटांत विभागले. आपल्या किंवा दुसऱ्या गटात कोण आहे हे मुलांना ठाऊक नव्हते, वैयक्तिक लाभही नव्हता, तरी पैसे वाटताना त्यांनी स्वतःच्या गटाला झुकते माप दिले आणि प्रसंगी आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालेल, पण दुसऱ्याहून अंतर राहावे, अशी वाटणी पसंत केली. यावरून ताजफेल व जॉन टर्नर यांनी १९७९ मध्ये असे प्रतिपादन केले की, आत्मसन्मानाचा एक वाटा व्यक्ती आपल्या समूहाकडून घेते.

टर्नर यांनी पुढे दाखवले की, कोणता समूह ‘आपला’ ठरेल हे समोर कोण आहे यावर अवलंबून असते. म्हणूनच बुलढाण्यात घाटाखालचा असलेला विद्यार्थी पुण्याच्या वसतिगृहात वऱ्हाडी ठरतो आणि बंगळूरला मराठी. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १९६० पासून महाराष्ट्रात आहे. राज्यकर्ते बदलले तरी ‘वऱ्हाडी’ ही ओळख टिकली. मात्र त्याच वसतिगृहात एक विद्यार्थी आपली बोली मोकळेपणाने बोलतो आणि दुसरा ती चारचौघांत टाळतो, याचा उलगडा समूहाच्या सिद्धांताने पुरता होत नाही; त्यासाठी त्या दोघांनी बालपणापासून काय स्वीकारले आणि काय नाकारले, हे एरिक्सन यांच्या पद्धतीने एकेकाच्या चरित्रातच शोधावे लागते.