पंचाची सही

1908 साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा नऊ ज्युरर होते. सात विरुद्ध दोन मतांनी टिळक दोषी ठरले. 1959 साली नानावटी खटल्यात ज्युरीने आठ विरुद्ध एक असा निर्दोष कौल दिला आणि तो हायकोर्टाने फिरवला. पुढे 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही. आता सामान्य माणूस फौजदारी न्यायाच्या कामात शिरतो तो बहुधा पंच म्हणून. मीही असाच शिरलो.

आमच्या मोहल्ल्यातलं किराणा दुकान फुटलं. सकाळी हवालदार दारात. "चाचा, जरा पंच म्हणून या. दोन सह्यांचं काम आहे." मी आणि कोपऱ्यावरचा पानवाला गेलो. तुटलेलं कुलूप पाहिलं, उपसलेला गल्ला पाहिला. चष्मा घरी राहिला होता. हवालदारसाहेबांनी भराभर वाचून दाखवलं, मी सही ठोकली.

चार वर्षांनी समन्स आलं. पहिल्या तारखेला न्यायाधीश रजेवर, दुसऱ्या तारखेला आरोपीचे वकील गैरहजर. तिसऱ्या वेळी दिवसभर व्हरांड्यात बसून संध्याकाळी "पुढची तारीख". माझी रजा गेली, ठीक. पानवाल्याची तर दिवसाची कमाईच बुडाली. तो म्हणाला, "चाचा, चोरी त्यांच्याकडे झाली, शिक्षा आपल्याला."

चौथ्या तारखेला पुकारा झाला. मित्रांनी नंतर विचारलं, कुराणावर हात ठेवलास का? ते सिनेमात. इथे ईश्वरास स्मरून खरं सांगेन म्हणायचं आणि उभं राहायचं. सरकारी वकिलांनी सही दाखवली. माझीच. मग वाचलं: शटरजवळ लोखंडी पहार पडलेली होती. ती मला आठवेना. आठवेना कशी, मी ती पाहिलीच नव्हती! समोर विशी-बाविशीचा पोरगा खाली मान घालून उभा. चोर असेलही, मला काय ठाऊक. मला ठाऊक होतं ते एवढंच, की पहार नव्हती. तसं सांगितलं.

सरकारी वकील न्यायाधीशांना म्हणाले, "साक्षीदार फितूर." उर्दूत फितूर म्हणजे डोक्यातलं खूळ, मराठीत गद्दार. दोन्ही भाषांत जगणाऱ्या माणसाला हा शब्द दोनदा लागतो. उलट प्रश्न आला, "मग न वाचता सही का केलीत?" याला उत्तर नव्हतं. फितूर मी त्या दिवशी नव्हतो, श्रोतेहो. चार वर्षांपूर्वी चष्मा घरी ठेवून सही केली, तेव्हा होतो.

निकाल काय लागला, मला कुणी कळवलं नाही. पंचाला कळवायची पद्धत नाही.

परवा पुन्हा हवालदार आले, दुसरे, तरुण. 1 जुलै 2024 पासून नव्या कायद्याप्रमाणे झडती-जप्तीचं चित्रण करावं लागतं, म्हणून हातात मोबाईल. पानवाल्याने त्यांना लांबूनच पाहून टपरी बंद केली होती. मी चष्मा घेतला आणि निघालो. पंचनामा हातात घेऊन ओळ न् ओळ वाचली, दोन ठिकाणी दुरुस्ती करायला लावली. अर्धा तास गेला. हवालदार वैतागून म्हणाले, "चाचा, कविता तपासताय का?"