कलेजीचा खाऊ, कच्च्या वजनाने



मीरा रोड किंवा भाईंदरच्या कुठल्याही चिकनच्या दुकानासमोर रविवारी सकाळी थोडा वेळ थांबलात, तर एक मागणी हमखास कानावर येते : "आमचं चिकन वेगळं बांधा, आणि पाव किलो कलेजी द्या, कुत्र्यासाठी." बाजारात मिळणारा पाकीटबंद खाऊ महाग, शिवाय त्यात काय घातलंय ते धड कळत नाही. त्यापेक्षा कलेजी घरी उकडून, वाळवून तुकडे करून ठेवले की झालं, असं पुष्कळांना वाटतं. ते चुकीचं नाही. कलेजीइतका कुत्र्यांना आवडणारा पदार्थ क्वचितच असेल. हट्टी पिल्लाला 'बस', 'थांब' शिकवायचं असो, नखं कापून घ्यायची असोत, नाहीतर आजारातून उठलेल्या कुत्र्याला पुन्हा खायला लावायचं असो, हा एक तुकडा फार कामाला येतो. आज बोलायचंय ते तो किती द्यायचा आणि कसा करायचा याबद्दल.

कलेजी आणि कुत्रा यांचं नातं वैद्यकाच्या इतिहासातही आहे. अमेरिकेत जॉर्ज व्हिपल या संशोधकाने कुत्र्यांच्या शरीरातलं रक्त कमी करून, कोणत्या अन्नाने ते लवकर भरून येतं याचा अभ्यास केला. पहिला नंबर कलेजीचा लागला. त्यावरून मायनट आणि मर्फी यांनी एका जीवघेण्या पांडुरोगावर रुग्णांना कलेजी खाऊ घालून उपचार केले, आणि 1934 साली तिघांना मिळून नोबेल मिळालं. आपल्या मुंबईतही, परळच्या हाफकिन संस्थेत, ल्युसी विल्स या डॉक्टरबाई 1928 नंतरच्या काळात गिरणीकामगार गरोदर स्त्रियांच्या पांडुरोगावर काम करत होत्या. यीस्टच्या अर्काने आणि कलेजीने तो बरा होतो हे त्यांनी दाखवलं. त्या गुणामागे जे द्रव्य होतं, ते आज आपण फॉलिक ॲसिड म्हणून ओळखतो. तेव्हा 'कलेजीने रक्त वाढतं' ही घरोघरची समजूत पोकळ नाही.

पण त्याच समजुतीपायी आपल्याकडे नुकसानही होतं. आपल्या भागात कुत्र्यांना गोचीडताप सर्रास होतो. कुत्रा मलूल पडतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, रक्ताच्या तपासणीत पेशी कमी दिसतात, आणि घरात रोज वाटीभर कलेजी सुरू होते. गोचिडाच्या चाव्यातून आलेले जंतू रक्तपेशींवर घाला घालत असतात. तिथे कमतरता लोहाची नसते. औषधाशिवाय ते जंतू हटत नाहीत, आणि कलेजीवर विसंबून दोन-चार दिवस वाट पाहिली तर कुत्रा हातचा जाऊ शकतो. हिरड्या पांढऱ्या दिसल्या की त्याच दिवशी दवाखाना गाठा. ही गोष्ट मी कळकळीने सांगतो.

आता निरोगी कुत्र्याचं बघू. कलेजीत अ जीवनसत्त्व प्रचंड असतं. शंभर ग्रॅम कच्च्या कोंबडीच्या कलेजीत ते साधारण 3,300 मायक्रोग्रॅम असतं, मेंढीच्या कलेजीत त्याच्या दुपटीहून जास्त. दहा किलो वजनाच्या कुत्र्याची दिवसाची गरज आहे सुमारे 280 मायक्रोग्रॅम. म्हणजे आठ-दहा ग्रॅम कोंबडीच्या कलेजीत ती पुरी होते. आणि तो कुत्रा पोटभर तयार खाद्य खात असेल, तर त्याची गरज तिथेच भागलेली असते. एखाद्या दिवशी जास्त खाल्लं गेलं तर बहुतेक वेळा जुलाब होऊन प्रकरण मिटतं, कारण माणसापेक्षा कुत्रा हे जीवनसत्त्व बरंच सहन करतो. बाधतं ते रोज, महिनोन्महिने, भरपूर दिलेलं. मग भूक मंदावते, केस रुक्ष होतात, सांधे आखडतात, सोफ्यावर उडी मारणारा कुत्रा उडी टाळायला लागतो. वाढत्या पिल्लांच्या हाडांना आणि गाभण कुत्रीच्या पोटातल्या पिल्लांना याचा धोका आणखी मोठा. कलेजीच्या जोडीला कॉड लिव्हर तेलाच्या गोळ्या चालू असतील तर त्या बंद करण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. आणि घरात मांजर असेल तर तिच्याबाबत जास्तच जपा. सतत कलेजीवर वाढवलेल्या मांजरांच्या मानेचे मणके एकमेकांना जोडले जातात, मान वळत नाही.

दुसरं द्रव्य तांबं. इथे कोंबडी आणि बकरं यांत मोठा फरक आहे. कोंबडीच्या शंभर ग्रॅम कलेजीत तांबं अर्धा मिलिग्रॅमच्या आसपास, तर मेंढीच्या कलेजीत सुमारे सात मिलिग्रॅम. बकऱ्याची कलेजी त्याच वर्गातली धरून चालावं. काही जातींच्या कुत्र्यांना जादा तांबं शरीराबाहेर टाकता येत नाही, ते त्यांच्याच यकृतात साठत जातं. बेडलिंग्टन टेरियर हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण, पण तो कुत्रा आपल्याकडे दिसत नाही. आपल्या इमारतींमधून रोज संध्याकाळी फिरायला निघणारा लॅब्रॅडॉर मात्र त्याच यादीत आहे. डाल्मेशियनचं वेगळं : त्याला मुतखडा होण्याची जात्याच खोड, आणि कलेजी ती वाढवते. त्याला कलेजी देऊच नये.

परदेशी पाककृतींमध्ये बहुधा गाईबैलांची कलेजी सांगितलेली असते. तिची मापं इथे आंधळेपणाने वापरू नका. रोजच्या शिकवणीसाठी कोंबडीचीच कलेजी घ्या, बकऱ्याची कधीतरी आणि निम्म्याने.

आता ज्यासाठी मी मुख्यतः इथे आलो, ते सांगतो. कलेजीत तीन-चतुर्थांश पाणी असतं. तुम्ही ती वाळवता तेव्हा पाणी उडून जातं; जीवनसत्त्व आणि तांबं बहुतेक तिथेच राहतं. शंभर ग्रॅमची कलेजी पूर्ण वाळली की तीस ग्रॅमही भरत नाही. बरणीतले ते काळपट, हलके तुकडे बघून 'एवढंसं तर आहे' असं वाटतं आणि मूठभर दिले जातात. त्या मुठीत कच्ची कलेजी किती होती, हे कोणाच्या लक्षातच येत नाही. म्हणून हिशेब नेहमी कच्च्या वजनाचा ठेवायचा. पाव किलो कलेजी आणलीत, तिचे साधारण सव्वाशे तुकडे केलेत, तर एकेक तुकडा दोन ग्रॅमचा. वाळून तो वाटाण्याएवढा झाला तरी त्याला दोन ग्रॅमच समजायचं. तीन किलोच्या पोमेरेनियनला दिवसाला असा एक तुकडा, दहा किलोच्या देशी कुत्र्याला दोन-तीन, तीस किलोच्या निरोगी लॅब्रॅडॉरला पाच-सहा. शिकवताना जास्त वेळा द्यावं लागलं तर त्याच तुकड्याचे चार भाग करा. कुत्रा भाग मोजतो, वजन नाही.

करण्याची रीत सोपी आहे. कलेजीला चिकटलेली हिरवी पित्ताची पिशवी आणि हिरवट डाग पडलेला भाग काढून टाका. तुकडे करा, थोड्या पाण्यात कुकरला लावा, तीन-चार शिट्ट्या होऊ द्या. कुकरचा फायदा दुहेरी : आतपर्यंत शिजतं, आणि वासही कमी पसरतो. आपल्या बऱ्याच सोसायट्यांत शेजारी पूर्ण शाकाहारी आहेत, त्यांचा विचार करायलाच हवा. पाणी निथळून तुकडे ओव्हनमध्ये 120 अंशांवर ठेवा, नाहीतर जाड तव्यावर मंद आचेवर परता, मधला तुकडा मोडून आत ओल राहिली नाही याची खात्री होईपर्यंत. मीठ नाही, हळद-मसाला नाही. कांदा-लसूण तर अजिबात नाही, कारण त्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. आपल्या ताटातली सुकी कलेजी म्हणूनच त्याला द्यायची नाही.

गॅलरीत उन्हात वाळवू का, असं काही जण विचारतात. उत्तनच्या किनाऱ्यावर बोंबील वाळतात ते मोकळ्या वाऱ्यावर, कोरड्या महिन्यांत. पावसाळ्यात तिथे कोणी बोंबील वाळत घालत नाही. कलेजी तर बोंबलापेक्षा जाड, आणि माश्या धावून येणार. खाडीकाठच्या या दमट हवेत ती वाळण्याआधी नासते. वाळवलेला खाऊही बाहेर बरणीत ठेवू नका. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, फ्रीझरमध्ये छोट्या पुड्या करून दोन महिने. श्रावणात घरात मांसाहार होत नसेल, पर्युषणात दुकानं बंद असतील, तर या पुड्या आधीच करून ठेवलेल्या बऱ्या.

कच्ची कलेजी कुत्र्याला चालते, त्याचे पूर्वज कच्चंच खात होते, असं आता आग्रहाने सांगितलं जातं. मला ते मान्य नाही. कोंबडीच्या कच्च्या कलेजीत साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू असू शकतात. बकऱ्या-मेंढ्यांच्या आणि म्हशीच्या कलेजीत कधी कधी पाण्याने भरलेल्या गाठी दिसतात. त्या एका पट्टकृमीच्या. कुत्र्याने ती गाठ कच्ची खाल्ली की कृमी त्याच्या आतड्यात वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, आणि ती माणसाच्या पोटात गेली तर माणसाच्याच यकृतात किंवा फुप्फुसात तशी गाठ तयार होते. मुलं कुत्र्याला मिठी मारतात, त्याचे पाय चोळतात, आणि तेच हात तोंडात जातात. म्हणून बकऱ्याची कलेजी निदान अर्धा तास खळखळ उकळायची. गाठ दिसली तर ती कलेजी घ्यायचीच नाही.

याच कारणासाठी मटणविक्रेत्या बांधवांना माझी हात जोडून विनंती आहे. दिवसभराचा कच्चा आतडी-कलेजीचा कचरा रस्त्यावरच्या कुत्र्यांपुढे टाकू नका. त्यात प्रेम आहे, हे मला ठाऊक आहे. पण कृमीचं चक्र तिथूनच चालू राहतं. भटक्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्या ताई-दादांनीही शिजवूनच द्यावं. घरच्या कुत्र्याला पट्टकृमीवर चालणारं औषध ठरल्या वेळी द्यायला विसरू नका. जंताची प्रत्येक गोळी पट्टकृमीवर चालतेच असं नाही, हे डॉक्टरांना विचारून घ्या.

आणि दवाखान्यात डॉक्टर विचारतात, "काय खातो?" तेव्हा आपण खाद्याचं नाव सांगतो, दहीभात सांगतो, कलेजी सांगायची राहते, कारण ती आपण जेवणात धरत नाही. ती सांगा. किती तुकडे, किती दिवसांपासून, कोंबडीची की बकऱ्याची, तेही सांगा. कुत्रा सात-आठ वर्षांपुढे गेला असेल, किंवा रक्ततपासणीत यकृताचे आकडे वाढलेले असतील, तर कलेजी थांबवून उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे, वाफवलेला लाल भोपळा किंवा गाजर द्या. पहिले दोन दिवस तो हातातलं हुंगून तोंड फिरवेल. तिसऱ्या दिवशी खाईल.